आई-बाबांसोबत पाच रात्री, दक्षिण युरोपातलं खेडं: टस्कनी, पुलिया की पोर्तुगाल?

तासगावची_लेक

नमस्कार मंडळी, तीन-चार वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही म्युनिकजवळ राहतो, मी, नवरा आणि आठ वर्षांची लेक. आई-बाबा द्राक्षांची खरड छाटणी उरकून मेमध्ये येतायत ते जुलैपर्यंत आहेत. बाबांची तासगावजवळ द्राक्षबाग आहे त्यामुळे बाकी काही ठरो न ठरो, ऑक्टोबर छाटणीच्या आत परत हे तिकिटाच्याही आधी ठरतं. मागच्या खेपेला आम्ही उत्साहाच्या भरात त्यांना पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम सगळं आठ दिवसांत फिरवलं आणि रोमला तिसऱ्या चर्चच्या पायरीवर बाबा जे बसले ते उठेचनात. "तुम्ही या जाऊन, मी हितंच बसतो." आणि परतीच्या ट्रेनमध्ये मात्र खिडकीतनं शेतं दिसायला लागल्यावर तासभर तोंड बंद नाही, हे काय लावलंय, ते काय लावलंय, ठिबक आहे का, मजूर कुठनं आणतात. मला एकाचंही उत्तर आलं नाही.

तर यावेळी शहर नको. फिंग्स्टनच्या सुट्टीत (मेअखेर, जूनची सुरुवात) पाच रात्री कुठेतरी खेड्यात एकच घर घ्यायचं आणि तिथूनच जमेल तेवढं फिरायचं. आईचा डावा गुडघा दुखतो, सपाटीवर अर्धा तास चालते, जिने नको. आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांना काहीही चालतं पण तिसऱ्या दिवशी आमटी-भात लागतोच, म्हणून स्वयंपाकघर हवं. गाडी नवरा चालवेल.

डोक्यात चार नावं आहेत. इटलीतलं टस्कनी (नवऱ्याचं मत, कारण आपलीच गाडी घेऊन जाता येईल), पुलिया (इटलीच्याच टाचेकडे, मी फोटो बघून वेडी झालेय, ती टोपीसारखी छपरं असलेली घरं), पोर्तुगालमधलं आलेंतेजो (ऑफिसमधल्या पोर्तुगीज मैत्रिणीचं गाव) आणि फ्रान्समधलं प्रोव्हान्स (लेकीला जांभळी फुलं हवीत). चारही एकदम नको, एकच, आणि गेलेल्यांनीच सांगा प्लीज, रील्स बघून मीच आता तज्ज्ञ झालेय.

डोंगरवाट

टस्कनी. डोळे झाकून.

आम्ही दोघं आणि सासू-सासरे २०२३ च्या मेच्या मध्यावर गेलो होतो, सिएनाच्या दक्षिणेला वाल दोर्चा म्हणून जो भाग आहे तिथं. हा पूर्ण भूप्रदेशच २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, म्हणजे एखादी इमारत नाही तर शेतं, टेकड्या, सुरूच्या झाडांच्या रांगा हेच वारसास्थळ. गंमत अशी की ते फोटोतलं हिरवंगार टस्कनी फक्त एप्रिल-मेमध्ये असतं. गहू आहे तो. जूनमध्ये पिवळा पडतो, मग कापणी, आणि ऑगस्टमध्ये गेलात तर नांगरलेली तपकिरी ढेकळं दिसतात आणि लोक विचारतात आम्हाला कुठे फसवलं. तुम्ही मेअखेर जाताय म्हणजे हिरवं जाऊन सोनेरी व्हायला लागलेलं असेल, मधेमधे लाल पॉपी. मला तर तेच जास्त आवडेल.

गुडघ्याचं म्हणाल तर गावं नीट निवडा. पिएन्झा टेकडीवर असलं तरी वर पोचल्यावर आत सपाट आहे. सान क्विरिको पण सपाट, आम्ही तिथंच राहिलो. पण माँतेपुल्चानोचा मुख्य रस्ता म्हणजे सरळ चढ, सासूबाईंनी पहिल्या वळणावर जो बाक पकडला तो आम्ही परत येईपर्यंत सोडला नाही. मोंताल्चिनो पण तसंच. बान्यो विन्योनी मात्र आईंना नक्की दाखवा, गावाच्या चौकात चौकच नाही, गरम पाण्याचा मोठा दगडी हौद आहे, त्यात उतरायला बंदी आहे पण तेच पाणी गावाखाली जुन्या पाणचक्क्यांकडे ओघळत जातं तिथे पाय सोडून बसता येतं, फुकट. आम्ही दीड तास हललो नाही.

जेवण: पिची म्हणून हाताने वळलेल्या जाड शेवया मिळतात, टोमॅटो-लसणाच्या रश्श्यातल्या घ्या. शिळ्या ब्रेडची टोमॅटो घालून केलेली पाप्पा अल पोमोदोरो, बीन्स आणि पालेभाजीची रिबोल्लिता, शाकाहाऱ्याचं भागतं (सूप मांसाच्या पाण्यात नाही ना एवढं विचारून घ्या). ब्रेड अळणी असतो. खराच. सासूबाई पहिल्या घासाला म्हणाल्या, मीठ विसरले वाटतं गं हे लोक. आणि आई कट्टर असतील तर पार्मेझान विसरा, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट (चीजचं विरजण) असतं, पेकोरीनोतही बहुतेक वेळा प्राण्याचंच.

एक धडा माझ्या खिशातून. जुन्या गावांच्या वेशीवर लाल कडेची पांढरी गोल पाटी असते, झेडटीएल, म्हणजे रहिवाशांशिवाय गाडी बंद. खाली बोर्डावर "वार्को आत्तीवो" दिसलं की मला वाटलं आत जाणं चालू आहे. चालू आहे तो कॅमेरा. दंड पाच महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर आला, आणि भाड्याच्या गाडीवाल्यांनी माझा पत्ता कळवल्याची फी वेगळी कापली ती आधीच. भारतीय लायसन्सवाल्यांनी इंटरनॅशनल परमिट काढूनच जा हेही सांगतो, तुमच्या मिस्टरांकडे जर्मन लायसन्स असेल तर प्रश्न नाही.

खमंग_काकडी

लेकीला आत्ताच समजावून ठेव, मेअखेरीला प्रोव्हान्समध्ये जांभळं काही नसतं. व्हालाँसोलचं पठार जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत फुलतं, सो गावाकडे उंचीमुळे आणखी उशिरा. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो, सेनाँकच्या मठासमोर उभं राहून हिरव्या झुडपांचे फोटो काढले आणि पोरगा म्हणाला हे तर आपल्याकडच्या दवण्यासारखं आहे. बाजार मात्र अप्रतिम. पण मूळ कारणच गळालं ना, मग चारातलं एक कमी कर.

आजी_ऑनलाइन

लेकी, मी सत्तरीची आहे, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे माझं ऐक. प्रदेश कुठला ते नंतर बघ. आधी घर बघ. तळमजला आहे का, बाथरूममध्ये उंबरा किती, न्हाणीत टबमध्ये चढून जायचं आहे का, अंगणात खडी आहे का फरशी. तुमच्या त्या फोटोंमध्ये फुलांच्या कुंड्या दिसतात, पायऱ्या दिसत नाहीत. आम्हाला मुलाने उंब्रियात शेतावरचं घर घेऊन दिलं होतं, दृश्य स्वर्गाचं, आणि बेडरूम माळ्यावर. पाच दिवस मी सोफ्यावर झोपले.

उंब्रिया तू यादीत घेतलंच नाहीस म्हणून सांगते. टस्कनीला लागूनच, गर्दी कमी. ओर्व्हिएतोला स्टेशनवरून वर गावात जायला फ्युनिक्युलर आहे, चढायला लागत नाही. तिथे एक विहीर आहे, रोमची लूट झाल्यावर १५२७ मध्ये पोप तिथे आश्रयाला आले तेव्हा खोदायला घेतलेली, उतरायचा जिना वेगळा आणि चढायचा वेगळा, म्हणजे पाणी वाहणारी गाढवं एकमेकांना आडवी येऊ नयेत. २४८ पायऱ्या. मी वरूनच डोकावले, तुझे बाबा जातील. आणि स्पेल्लो गावात कॉर्पस दोमिनीच्या सणाला रात्रभर जागून लोक रस्त्यावर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात, आपल्या पालखीच्या वाटेवर रांगोळ्या घालतात ना तसं, फक्त फुलांचं. तारीख दरवर्षी बदलते, मेअखेर ते जून यात कधीतरी येते, बघून ठेव.

तासगावची_लेक

@आजी_ऑनलाइन, आजी, बाथरूमचा उंबरा! हे माझ्या स्वप्नातपण आलं नसतं. दोन घरं जवळजवळ बुक करत होते, परत फोटो बघितले तर एकात शॉवर टबमध्येच आहे. धन्यवाद हो खूप.

@डोंगरवाट, दादा, नवऱ्याने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला दोनदा. पण मला एक भीती आहे ती म्हणजे फिंग्स्टनच्या शनिवारी अख्खा बव्हेरिया आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीवरून इटलीत उतरतो, आणि त्यात त्याच रस्त्यावर ऑस्ट्रियात लुएग पुलाचं काम काढलंय. सरळ वेळेत सिएना आठ-साडेआठ तास, त्यात ट्रॅफिक धरला तर आईला गाडीत गुडघा दुमडून अकरा-बारा तास बसवायचं मला जीवावर येतंय.

प्रोव्हान्स कटाप. लेक रुसलीये.

मांडवी

आधी उच्चार: आलेंतेझू. मैत्रिणीसमोर आलेंतेजो म्हणालात तर ती स्पॅनिश समजेल आणि मग काही खरं नाही.

मी मूळ पणजीची, सहा वर्षं लिस्बनला आहे. गोंयकार माणसाला पोर्तुगाल ओळखीचं वाटतं हे खरंच आहे पण तासगावकरांनाही वाटेल, बाबांना सांगा की चावी, साबण, बटाटा, पगार, काजू, पाव हे सगळे शब्द तिकडूनच आपल्याकडे आलेत. माझे सासरे (ते सावंतवाडीचे) लिस्बनच्या दुकानात साबण म्हणाले आणि बाईने साबण काढून दिला, त्या दिवसापासून ते सगळ्यांशी मराठीतच बोलत होते.

आता तुमच्या बाबांसाठी. आलेंतेझू म्हणजे पोर्तुगालचा जवळजवळ तिसरा हिस्सा आणि माणसं अगदी विरळ. गव्हाची राने, ऑलिव्ह, आणि कॉर्क ओकची झाडं. बाटलीचं बूच ज्याचं करतात ते. त्या झाडाची साल दर नऊ वर्षांनी काढतात, झाड न तोडता, फक्त कुऱ्हाडीने, आणि सोलल्यावर बुंध्यावर पांढऱ्या रंगात वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात म्हणजे पुढची पाळी कधी ते कळावं. पहिली साल काढायलाच झाड पंचवीस वर्षांचं व्हावं लागतं आणि बुचाच्या लायकीची साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे लावणाऱ्याला कमाई दिसतच नाही, नातवाला दिसते. सोलणी मेअखेर-जूनपासून ऑगस्टपर्यंत चालते, तुम्ही अगदी सुरुवातीला असाल. ताजं सोललेलं झाड विटकरी लाल दिसतं, उघडं पडल्यासारखं, मला पहिल्यांदा बघताना कसंतरीच झालं होतं.

एव्होरा गावात रोमन देवळाचे खांब आहेत, लिस्बनपासून १३० किमी, गाडीने दीड तास. मोंसाराझ म्हणून किल्ल्यातलं गाव आहे, खाली आल्केव्हा धरणाचं पाणी पसरलेलं, रात्री आकाश इतकं काळं की लेकीला आकाशगंगा दाखवता येईल. पण मोंसाराझमध्ये दगडी फरसबंदी, आईंना काठी लागेल.

खरं सांगायचं तर आईंच्या जेवणाची पंचाईत आहे. तिथला माणूस डुक्कर, बकरं आणि मासे यावर जगतो. आसोर्दा म्हणून एक प्रकार आहे, लसूण आणि भरपूर कोथिंबीर वाटून त्यावर गरम पाणी, ऑलिव्ह तेल आणि शिळा पाव. वासाने तुम्हाला घर आठवेल. आणि मग वरून अंडं फोडून घालतात. अंड्याशिवाय द्या म्हटलं तर देतात पण चेहरा बघण्यासारखा होतो. स्वयंपाकघर असेल तर निघताना लिस्बनला मार्तिम मोनीझ भागात डाळ-तांदूळ सगळं मिळतं.

जुलैमध्ये अजिबात जाऊ नका हं, चाळिशी पार जातं. मेअखेर ठीक.

बारीकर

उशिरा बघितला धागा. मी बारीमध्ये आठ वर्षं आहे (हो, आयडी तिथूनच, आडनाव नाही), त्यामुळे माझं मत पुलियाच असणार हे गृहीत धरून वाचा. पण इथे एवढे प्रतिसाद झाले आणि कुणीच मुद्द्याचं बोललं नाही याचं नवल वाटलं. ताई, तुमचे बाबा द्राक्षवाले आहेत. टस्कनीत द्राक्षं आहेत पण ती वाइनची. खायच्या द्राक्षांचं इटलीतलं सगळ्यात मोठं आगर पुलिया आहे, आणि त्यातही बारीच्या खाली रुतिल्यानो, नोइकात्तारो, आदेल्फिया ही गावं. तुम्ही ज्या टोपीवाल्या घरांच्या मागे आहात तिकडे विमानतळावरून जाताना हा भाग वाटेतच लागतो!

आणि पद्धत कुठली? मांडव. इथे तेंदोने म्हणतात. डोक्याच्या वर तारांचं जाळं, वेली वर पसरलेल्या, घड खाली लोंबतात, माणूस खालून चालतो. तासगावात आता सगळे वाय आकाराच्या तारांच्या पद्धतीवर गेलेत असं ऐकतो पण बाबांच्या वयाच्या माणसाने उमेद मांडवातच काढली असणार. वरून पुन्हा प्लास्टिक आणि जाळी. लवकर झाकलं तर जुलैच्या सुरुवातीला माल, उशिरा झाकून धरलं तर इतालिया जातीचा माल पार नोव्हेंबरपर्यंत वेलीवर. आपल्याकडे अवकाळीने वाट लागल्यापासून प्लास्टिकच्या ज्या चर्चा चालू आहेत त्या इथे माणसांनी करून, पैसे घालवून, शिकून झालेल्या आहेत. जूनच्या सुरुवातीला मणी धरलेले असतात आणि बायका-पुरुष मांडवाखाली मान वर करून थिनिंग (घडातले जास्तीचे मणी कापणं) करत असतात. बाबांना काही समजावून सांगायला लागणार नाही, तेच तुम्हाला सांगतील. बिनबियांच्या नव्या पेटंट वाणांची रॉयल्टी हा विषय काढला तर इथला शेतकरी आणि तुमचे बाबा दोघं मिळून शिव्या घालतील, दुभाषी लागणार नाही.

आता राहायचं. वाल्ले दित्रिया म्हणतात त्या भागात लोकोरोतोंदो, चिस्तेर्निनो, मार्तीना फ्रांका अशी गावं एकमेकांपासून आठ-दहा किमीवर आहेत. नाव दरी असलं तरी फार चढउतार नाही, पठारच आहे. लाल माती, कमरेएवढ्या दगडी बांधांची वावरं, ऑलिव्ह, बदाम, मधेच एक त्रुल्लो. त्रुल्लो म्हणजे तुमची ती टोपी. चुन्या-सिमेंटशिवाय नुसते चुनखडीचे दगड एकावर एक रचून केलेलं छप्पर. असं सांगतात की घरांवर राजाला कर द्यायला लागू नये म्हणून इथल्या सरदाराने कुळांना चुना वापरू दिला नाही, तपासणी आली की छप्पर पाडून दगडांचा ढीग दाखवायचा. राहायला एकच रात्र मजा आहे असं माझं मत, आत अंधार, खिडकी पोस्टाच्या पेटीएवढी, पलंग भिंतीतल्या कोनाड्यात, दमटपणा वेगळा. पण सगळं तळमजल्यावर! आजींच्या परीक्षेत पहिल्या नंबरने पास. त्रुल्लोला जोडून साध्या खोल्या बांधलेलं घर शोधा, ते सगळ्यात बरं.

आईंचं जेवण. फावे ए चिकोरिया मागा, सुक्या बाकल्याच्या डाळीचं पिठलं समजा, मऊ, पिवळसर, त्याच्या शेजारी कडसर पालेभाजी आणि वरून ऑलिव्ह तेलाची धार. हे गरिबांचं रोजचं जेवण होतं, आता रेस्टॉरंटात मिळतं. ओरेक्किएत्ते, कानाच्या पाळीसारखा पास्ता, चीमे दी रापा म्हणजे सरसोंसारख्या भाजीबरोबर करतात पण त्यात अँचोवी मासा विरघळवलेला असतो जो दिसत नाही, म्हणून "सेन्त्सा अच्चूगे" हे दोन शब्द पाठ करून या. फोकाच्चा, टोमॅटोचा पान्झेरोत्तो, ब्रेड अल्तामुराचा (यात मीठ असतं, डोंगरवाट साहेब). पान्झेरोत्तोच्या कणकेत कधीकधी डुकराची चरबी घालतात, "स्त्रुत्तो" आहे का विचारा.

म्युनिकहून बारीला थेट विमान आहे, दोन तासांच्या आत. पुढे भाड्याच्या गाडीने लोकोरोतोंदो सव्वा तास. ब्रेनर वगैरे काही नाही.

डोंगरवाट

सगळं मान्य पण आल्बेरोबेल्लोबद्दल बोला की. माझा भाऊ जाऊन आला, म्हणे प्रत्येक टोपीखाली एक फ्रिज मॅग्नेटवाला.

बारीकर

खरंय. हजारावर त्रुल्ले असलेला जो उतार आहे, रिओने मोंती, तो अकरा वाजता म्हणजे गणपतीतली तुळशीबाग. समोरच्या टेकाडावर आया पिक्कोला आहे तिथे अजून लोक राहतात, सकाळी आठला जा, कुणीतरी दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेलं दिसेल, अर्ध्या तासात निघा. ओस्तुनी मात्र आईंना खालून दाखवा, गाडीतूनच, आत सगळ्या पायऱ्या. आणि खाली दक्षिणेत लेच्चेकडे जाताना मैलोन् मैल वाळलेले ऑलिव्ह दिसतात, २०१३ मध्ये झायलेल्ला हा जिवाणू तिकडे सापडला आणि नंतर लाखो झाडं गेली. बाबांना हवं तर दाखवा, नाहीतर नको.

तासगावची_लेक

ठरलं! पुलिया. तिकिटं काढली. नवऱ्याला टस्कनी दिवाळीत देते म्हणून सांगितलंय (सुरूची झाडं तेव्हापण असतातच म्हणे). लोकोरोतोंदोच्या बाहेर दोन किमीवर घर मिळालं, त्रुल्लो आणि मागे साध्या दोन खोल्या, उंबरा चार सेंटीमीटर, मालकिणीकडून मोजून घेतला, तिला वाटलं मी वेडी आहे.

काल बाबांना फोनवर हा धागा वाचून दाखवला. मांडवाचं ऐकून गप्प झाले जरा. मग झायलेल्लाचं ऐकून म्हणाले, म्हणजे आटपाडीच्या डाळिंबाला तेल्या आला तसलंच की, ते पण दाखव मला. आणि एक प्रश्न पाठवलाय, @बारीकर दादा उत्तर द्या, मी दिलेलं त्यांना पटेना: "नदी दिसत न्हाई नकाशात कुठं. मग पाणी कुठनं आणत्यात?"

बारीकर

वा काका! आठ वर्षांत इथे आलेल्या एकाही पाहुण्याने हे विचारलेलं नाही.

नदी नाहीच. खालचा सगळा चुनखडक, पाऊस पडला की गाळणीतून गेल्यासारखा खाली. पाऊसही थोडा, साधारण ५०० ते ६५० मिमी, आणि तो मुख्यतः हिवाळ्यात, म्हणजे पिकाला हवा तेव्हा नाही. म्हणून जुन्या त्रुल्लोला बघा, छपरावरचं पाणी दगडी पन्हळीतून घराखालच्या टाक्यात जातं, त्यावर माणसं आणि जनावरं जगायची. शेतीला बोअर. पठारावर पाणी शेकडो फूट खाली, समुद्राकडे वर लागतं पण उपसा इतका झालाय की काही ठिकाणी खारं पाणी आत शिरलंय.

आणि प्यायचं पाणी डोंगरापलीकडून येतं. सेले नावाची नदी पश्चिमेच्या समुद्राला मिळते, तिचे झरे उगमापाशीच अडवून आपेनाइन डोंगराला बोगदा पाडून पाणी इकडे पूर्वेला वळवलं. १९०६ ला काम सुरू, १९१५ ला बारीत पाणी पोचलं, पुढे दक्षिणेकडे न्यायला आणखी वर्षं लागली. मुख्य कालवा सगळा उतारावरच चालतो.

तासगावची_लेक

बाबांचं उत्तर जसंच्या तसं: "म्हंजे आपली टेंभूच. पन लाईटबिल न्हाई. हुशार हाईत." (टेंभू म्हणजे आमच्याकडची, कृष्णेचं पाणी पंपांनी वर उचलणारी योजना.)

तासगावची_लेक

परत आलो काल रात्री. मोठं प्रवासवर्णन लिहायला वेळ नाही, धुण्याचे चार ढीग पडलेत, पण थोडक्यात सांगते.

आईने फावे ए चिकोरिया पाच दिवसांत चार वेळा खाल्लं, शेवटच्या दिवशी घरीच केलं आणि त्यात लसणाची फोडणी घातली, मालकिणीला वाटी नेऊन दिली तर तिने रेसिपी लिहून मागितली. मोहरी म्हणजे काय हे मी हातवारे करून सांगितलं. समुद्र मोनोपोलीला बघितला, लेकीला तेवढंच आवडलं, जांभळ्या फुलांचा विषय परत निघाला नाही. आल्बेरोबेल्लो साडेआठला गेलो, सव्वानऊला बाहेर. मातेरा, ते खडकात कोरलेल्या घरांचं गाव, राहिलं. झायलेल्लाचे वाळलेले ऑलिव्ह बघायला एक दुपार गेली, परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

आणि रुतिल्यानोजवळ रस्त्याकडेला एका मांडवात थिनिंग चालू होतं तिथे बाबांनी गाडी थांबवायला लावली. मी म्हटलं अहो असं कुणाच्या रानात शिरायचं नसतं, तोवर ते उतरून बांधावर. मालक साठीचा असेल, आधी वैतागलेलाच होता. बाबांनी वर बघितलं, एक घड हातात धरून खालचं टोक बोटाने दाखवलं, कात्री चालवल्यासारखी दोन बोटं हलवली. त्या माणसाने मान डोलावली. बाबांनी शेजारच्या घडाकडे बोट करून नको नको अशी मान हलवली, तर त्या माणसाने आपल्या कामगाराला हाक मारून तो घड दाखवला आणि काहीतरी सुनावलं. मग पुढचा पाऊण तास दोघं मांडवाखालून चालत होते, मध्येच बोटांवर आकडे, एका वेलीला किती घड, किलोला किती. माझ्याकडून भाषांतर फक्त एकाच प्रश्नाचं करून घेतलं, मजुरी किती. उत्तर ऐकून बाबा म्हणाले बाग ठेवायची का गाडी विकायची याला.

आईचा गुडघा व्यवस्थित आहे आजी, काठी एकदाच लागली. फोटो शनिवारी टाकते, निम्मे ड्रिपच्या नळ्यांचे आहेत.